मास्क निघाला आणि दाढ दिसली



गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून आपल्या राज्यात मास्कची सक्ती उठली. त्या आठवड्यात माझ्या दुसरीच्या वर्गातली मुलं मी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पाहिली. डिसेंबरपासून समोर बसणारी मुलं! डोळ्यांवरून सगळ्यांना ओळखत होते, पण कोणाचे पुढचे दात पडलेत, कोणाच्या गालाला खळी पडते, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

वाचनाच्या तासाला एक मुलगी उभी राहिली. हुशार, पण प्रकट वाचन करताना पुटपुटणारी. तिच्या नोंदीत मी 'आवाज लहान, सराव हवा' असं लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी तिनं तोंड उघडलं आणि खालची डावीकडची दाढ दिसली. मधोमध काळा खड्डा.

"दुखतं का गं?"

"गार पाणी लागलं की दुखतं, बाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

म्हणजे १ डिसेंबरला आमची शाळा उघडली, त्या दिवसापासून ही दाढ माझ्या वर्गात होती आणि मला पत्ता नव्हता.

'मास्कमुळे मुलांचे दात किडले' असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर आले असतील. मला ते पटत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वर्षानुवर्षं तासन्‌तास मास्क लावतात, म्हणून काही त्यांचे दात पडत नाहीत. कापड दाताला कीड लावत नाही. पण म्हणून मास्कचा तोंडाशी काहीच संबंध नाही, असंही मी म्हणणार नाही. संबंध आहे, तो लाळेतून आणि पाण्यातून.

आपण खाल्लेली साखर तोंडातले जंतू खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचं वरचं कवच झिजू लागतं. लाळ काय करते, तर ते आम्ल सौम्य करते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि कवचाला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. ही दुरुस्ती दिवसभर चालू असते. आता मास्क लावल्यावर गुदमरल्यासारखं वाटलं, की बरीच मुलं (आणि मोठी माणसंही) नाकाऐवजी तोंडाने श्वास घेतात. त्याने तोंड कोरडं पडतं. त्यात पाणी प्यायलं नाही की दुरुस्तीचं कामच मंदावतं. जिभेवरचे जंतू वाढतात आणि वासही येतो. आपल्याच तोंडाचा वास आपल्याला मास्कमध्ये कळला, हा अनुभव बहुतेकांनी घेतला असेल, सांगत कोणी नाही!

माझी गंमत सांगते. मास्कमधून ओरडून शिकवताना घसा सुकायचा, म्हणून मी तोंडात खडीसाखर धरायचे. कोरडं तोंड आणि त्यात साखर. दातांसाठी याहून वाईट काय करता आलं असतं? आणि पोरं माझ्याही पुढची. मास्कच्या आत गालात टॉफी धरून पाढे म्हणायची. कळायचं कसं?

पण खरी चूक वेगळीच होती, आणि ती माझी. वर्गात मास्क खाली करायचा नाही, हा नियम मी फार कडक पाळला. टाकीचं पाणी बंद, बाटली घरून आणायची, आणि ती प्यायची तर मास्क काढावा लागणार. मग मुलं प्यायचीच नाहीत. भरलेली बाटली तशीच घरी जायची. दर तासाला चार-चार मुलांना मैदानात नेऊन, लांब उभं करून पाणी पाजता आलं असतं. भीतीपोटी तेवढंही सुचलं नाही. शिवाय खिचडीनंतर ओळीने चूळ भरायची आमची सवयही त्या काळात मोडली, ती आजतागायत बसलेली नाही.

त्या मुलीच्या आईला मी बोलावलं. ती म्हणाली, "पडंल की बाई, दुधाचा दात हाय." तिला दोष देत नाही, कारण हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना कळतही नाही. ही कायमची दाढ असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेल्या मुलांची ही दाढ नेमकी शाळा बंद असताना किंवा मास्कच्या आड आली. नवी दाढ, खोल खाचा, घरी दिवसभर बिस्किटं, रात्री ब्रश नाही आणि बघणारं कोणी नाही.

म्हणून माझं मत असं आहे की वाचन-गणिताच्या मागे लागण्याआधी एकदा प्रत्येक मुलाचं तोंड बघा. खिडकीच्या उजेडात उभं करायचं, 'आ' करायला सांगायचं, मागच्या दाढा पाहायच्या. एका मुलाला अर्धं मिनिट लागतं. निदान करणं आपलं काम नाही, पण काळा डाग, सुजलेली हिरडी दिसली तर पालकांना चिठ्ठी देता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा अशा मुलांची यादी तयार असली तर त्यांनाही सोपं जातं. पालकांनी घरी एवढंच करावं: रात्रीचा ब्रश स्वतःसमोर करून घ्यावा. सात वर्षांच्या मुलाचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. आणि उद्या मास्क पुन्हा लावायची वेळ आली तर जरूर लावू, फक्त तेव्हा पाण्याची घंटाही वाजवू.

माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत. नऊ जणांच्या दाढांवर काळं दिसलं.

त्या मुलीची दाढ काढावी लागली नाही, पण उपचारासाठी तालुक्याला चार चकरा झाल्या आणि आईची चार दिवसांची मजुरी बुडाली. मी नोंदवहीतलं 'आवाज लहान' हे वाक्य खोडलंय. ती अजून डाव्या बाजूने चावत नाही. वाचते मात्र खणखणीत.