एकच प्रथिन, दोन वाटा

घरातलं वडीलधारं माणूस विसरू लागलं की आपण मराठीत 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो, कानडीत 'अरवत्तक्के अरळु-मरळु'. दोन्ही भाषा दोष वयाच्या माथी मारून मोकळ्या होतात! पण अल्झायमर हे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे.

१९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांना एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत विचित्र साका आढळला. तो 'बीटा अमायलॉइड' या प्रथिनाच्या तुकड्यांचा असतो, हे १९८४ नंतर स्पष्ट होत गेलं.

मग हे प्रथिन वैरीच म्हणायचं का? तसं नाही. हा तुकडा ज्या मोठ्या प्रथिनातून निघतो, ते 'एपीपी' तुमच्या-आमच्या मेंदूत जन्माआधीपासून असतं. चेतापेशींना फुटवे येणं, शेजारच्या पेशीशी जोड जुळणं, यात त्याचा हात असतो. उंदरांमधून एपीपी आणि त्याची दोन भावंडं काढून टाकली, तेव्हा पिल्लं जन्मताच दगावली. अनेकांच्या मेंदूत पेशी भलत्याच जागी जाऊन बसल्या होत्या.

फरक पडतो तो कापण्यात. कापड एकच, कात्री कुठं चालते त्यावर सारं ठरतं. पेशीतली 'अल्फा' कात्री चालली, तर सुटणारा तुकडा पेशींच्या वाढीला मदत करतो. आधी 'बीटा' आणि मग 'गॅमा' चालली, तर अमायलॉइड सुटतं. तेही थोडंफार प्रत्येकाच्याच मेंदूत तयार होतं आणि निचरून जातं. निचरा अडला की साचतं.

म्हणून हे प्रथिनच बंद करून टाकू, असं म्हणता येत नाही. साचलेलं अमायलॉइड काढणाऱ्या 'लेकानेमॅब' औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्यानं सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग थोडा मंदावतो. गेलेली आठवण मात्र परत येत नाही.

आपल्यासारख्या द्विभाषिक घरांसाठी एक दिलाशाची गोष्ट. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, निरक्षरांतसुद्धा. भाषेमुळे आजार टळतो असा याचा अर्थ नाही. तरी आजी-आजोबांशी मराठीत बोला, कानडीतही बोला. आणि तोच प्रश्न त्यांनी दहाव्यांदा विचारला, तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या.