मिटवू नका, नोंदवा

२६ नोव्हेंबर २०२२. न्यूयॉर्क-दिल्ली विमानात बिझनेस क्लासमधल्या एका वयस्क महिलेवर सहप्रवाशाने दारूच्या नशेत लघवी केल्याची तक्रार झाली. महिलेच्या म्हणण्यानुसार, तिची इच्छा नसताना त्याला माफी मागायला तिच्यासमोर आणून बसवले गेले. दिल्लीत उतरल्यावर तो सरळ निघून गेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए) हे कळायला जानेवारी उजाडला. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला आणि कॅप्टनचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला.

केबिनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून वाचायला हवे. समजूत काढणे, वाद वाढू न देणे हे आपल्या अंगात मुरलेले आहे आणि ते गरजेचेही आहे. पण दोन प्रवाशांत तडजोड घडवणे हे आपले काम नाही. पीडित व्यक्तीला आधी दुसरी सीट आणि सोबत द्यायची, कॅप्टनला कळवायचे आणि उतरताच सुरक्षा यंत्रणा दारात हजर राहील असे पाहायचे.

बेशिस्त प्रवाशांविषयीच्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमावलीत तीन पातळ्या आहेत. शिवीगाळ, नशेतला धिंगाणा यासाठी तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्यासाठी किमान दोन वर्षे विमानप्रवासाला बंदी. निर्णय घेते ती निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती, आणि तिच्यापुढे असतो आपला रिपोर्ट. ‘प्रवाशाने गैरवर्तन केले’ एवढ्या एका ओळीवर कोणती समिती बंदी घालील? वेळ लिहा, सीट नंबर लिहा. किती पेग दिले आणि कितव्यानंतर थांबवले ते लिहा. शिवी जशीच्या तशी लिहा, संकोच करू नका. शेजारच्या साक्षीदारांची नावे विमानातच घ्या. सामानाच्या पट्ट्यापाशी पोचल्यावर कोणी थांबत नाही.

ग्राउंडवरच्या सहकाऱ्यांनाही सांगायचे आहे. गेटवर झोकांड्या खाणाऱ्याला ‘वर क्रू बघून घेईल’ म्हणून आत सोडू नका. दुसरी गोष्ट उशिराची. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली-गोवा विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर प्रवासी धावून गेला, हात उगारला. त्या हल्ल्याचे समर्थन होऊच शकत नाही. तरीही उशिराची खरी माहिती बोर्डिंगपूर्वीच द्यायला हवी. दार लागल्यावर तासन्‌तास अडकलेल्यांचा संताप झेलायला समोर फक्त क्रू उरतो.

व्यवस्थापनाकडेही आमच्या काही मागण्या आहेत. रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीला ‘कशाला वाढवलंस?’ असे विचारणे आजपासून बंद करा. पोलीस ठाण्यात जबाब द्यायला तिला एकटीला पाठवू नका, कंपनीचा वकील सोबत द्या आणि तो वेळ ड्युटीत धरा.