कॉलेज बदलणें हा पळपुटेपणा काय?

"चार महिने सोस, आपोआप रुळशील," हा उपदेश गांवाहून पुण्यामुंबईस शिकावयास आलेल्या व तेथें एकट्या पडलेल्या प्रत्येक मुलास मिळतो. आम्हांस तो निम्मा खरा व निम्मा घातक वाटतो. पहिल्या सत्रांतील एकटेपणा बहुधा नवेपणाचा असतो; तेवढ्यासाठीं बिऱ्हाड हलवूं नये, कारण दुसऱ्या कॉलेजांतहि नवेपणा आहेच. परंतु ज्याच्या बोलीची खानावळींत वर्षभर नक्कल होते, ज्याचें आडनांव विचारून मगच त्याच्या शेजारीं बसावयाचें कीं नाहीं हें ठरतें, त्यासहि "रूळ" म्हणून सांगणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय. अशा मुलानें खुशाल जावें.

२०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण व २०२१ मध्यें सुरू झालेली श्रेयांक-पेढी यांनीं मिळविलेलें श्रेय दुसरीकडे नेण्याची वाट कागदोपत्रीं तरी खुली केली आहे. (वसतिगृहांतील खोलीची हमी मात्र कोणतीच पेढी देत नाहीं, ती चौकशी आधीं करावी.) तरीहि मुलानें कॉलेज बदलण्याची गोष्ट काढली, कीं वडील प्रथम बुडालेल्या फीचा हिशेब मांडतात आणि शेजारी त्यास भित्रा ठरवितात.

आणि आमचे प्राध्यापकबंधू? दाखला मागावयास आलेल्या मुलास कचेरी ग्रंथालयाचीं पुस्तकें परत केलींस काय, हें न चुकतां विचारते; तूं कां जातोस, हें आमच्यापैकीं कितीजण विचारतात?