अडथळ्यांची शर्यत, पण कोणती?

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. या प्रकाराला मराठीत सर्रास ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणतात. ११० मीटर हर्डल्सलाही तेच नाव, आणि स्नेहसंमेलनात टायरमधून सरपटत, पोत्यात उड्या मारत पोरं जी धमाल करतात तिलाही तेच. बोलताना कुणाचं अडत नाही. अडतं ते प्रमाणपत्रावर, मराठीखाली इंग्रजी ओळ लिहायची वेळ आली की.

हर्डलला पाय लागला तर ते पडतं. स्टीपलचेसचा अडथळा जड आणि पक्का असतो. त्यावर पाय देऊन जाता येतं, पण धडकलात तर तुम्हीच पडता. पूर्ण शर्यतीत असे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. टायरच्या शर्यतीला इंग्रजीत ऑब्स्टॅकल रेस म्हणतात. शब्दकोश या तिन्हींना एकाच दावणीला बांधतो आणि सरपटणारं पोर कागदावर हर्डल्सपटू होतं.

जपानी भाषांतरकारांची अडचण याच जातीची. त्यांच्या शाळांतल्या ‘उन्दोकाई’ला इंग्रजीत ‘स्पोर्ट्स डे’ म्हणतात. ही प्रथा १८७४ मध्ये तोक्योच्या नौदल विद्यालयात इंग्रज शिक्षकांमुळे सुरू झाली, म्हणजे शब्द माहेरीच परतला म्हणा. पण मधल्या काळात तिच्यात लाल-पांढरे संघ, रस्सीखेच, सामूहिक नाच आणि डबे घेऊन आलेली घरची माणसं सामावली. ‘अ‍ॅथलेटिक मीट’ लिहिलं तर यातलं काहीच उरत नाही. आपल्या स्नेहसंमेलनातले खेळ तिला जास्त जवळचे. गंमत म्हणजे, जपानच्या सरकारी क्रीडादिनाच्या नावात १९६६पासून ‘ताइइकु’, म्हणजे शारीरिक शिक्षण, हा शब्द होता. २०२०पासून त्याजागी सरळ ‘सुपोत्सु’ आला, म्हणजे आपला स्पोर्ट्सच! तेव्हा मराठी मजकुरात ‘स्टीपलचेस’ लिहिताना आपण ओशाळायचं कारण नाही.

क्रीडाशिक्षक मित्रांनो, प्रमाणपत्रावर शर्यतीच्या नावापुढे अंतर लिहा, आणि स्पर्धा आंतरशालेय होती की शाळेच्या स्नेहसंमेलनातली, तेही. इंग्रजी मसुदा छपाईला देण्याआधी, त्या दिवशी मैदानावर शिट्टी वाजवणाऱ्या शिक्षकांना दाखवा; इंग्रजीच्या शिक्षकांना नंतर.