तालुक्याला प्लास्टिकचं युनिट, पण वाडीतून माल न्यायचा कोणी?

राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली २३ जून २०१८ला. केंद्राने १ जुलै २०२२पासून प्लास्टिकच्या प्लेटी, कप, चमचे, स्ट्रॉ अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तू देशभर बंद केल्या. तरी कुठल्याही पऱ्याच्या साकवावर उभं राहून खाली बघा. पिशव्या थोड्या कमी दिसतील, वेफर्स-बिस्किटांच्या पुड्या तशाच. गुटख्यावर तर २०१२पासून बंदी आहे, पण त्याच्याही पुड्या आहेतच.

खरं दुखणं या पुड्यांचं. भंगारवाला बाटल्या, कॅन, फुटकी बादली घेतो. पुडी घेत नाही. तिच्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर आणि आतून चंदेरी पदर, ते एकमेकांपासून सुटत नाहीत. मग वितळवून नवी वस्तू करणार कशी? ती फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. पातळ पिशव्यांना आणखी एक वाट आहे. गरम खडीवर प्लास्टिक वितळवून डांबरी रस्ता करायची पद्धत मदुराईचे प्रा. वासुदेवन यांनी काढली, त्यांना २०१८ला पद्मश्री मिळाली. पण भट्टी असो की रस्ता, माल सुका, बिनमातीचा आणि निवडलेला लागतो.

इथेच आपलं घोडं अडतं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला प्लास्टिक युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. मंडणगड ते राजापूर आपले नऊ तालुके, म्हणजे १ कोटी ४४ लाखांपर्यंत. त्यात तुकडे करायचं आणि गठ्ठे बांधायचं मशीन येईल. पण आपली गावं म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. रिकाम्या पुड्यांनी टेम्पो भरलेला दिसतो, काट्यावर वजन काहीच नाही. त्यात पावसाचे चार महिने माल सुकणार कुठे?

पाच हजारांच्या आतल्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळतात. दीड हजार वस्तीला झाले ९० हजार, तेही एकदाच. त्यात पत्र्याची शेड होईल, दर महिन्याचं डिझेल नाही. माझ्या मते प्रत्येक गावाने वेगळी गाडी घेण्यात अर्थ नाही. आठ-दहा ग्रामपंचायतींनी मिळून एक गाडी ठरवावी, महिन्याला एक तारीख पक्की करावी. कायद्याने पुडीची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपनीची आहे, पण त्या पैशातला रुपया वाडीपर्यंत पोचलेला मी तरी पाहिला नाही. २०१८च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचे होते. तुम्हाला कोणी दिले?

गाडी येत नाही तोवर लोक काय करतात? बंब पेटवायला पुडी, भाजावळीत पातेऱ्याबरोबर पिशव्या. तो धूर चुलीपुढच्या बाईच्या छातीत जातो, आणि अर्धवट जळलेले तुकडे तरव्यात.

पर्याय म्हणाल तर ‘कंपोस्टेबल’ पिशवीवर भुलू नका. मका-उसापासून केलेलं ते प्लास्टिक कुजायला बहुतेक वेळा ५५-६० अंश उष्णता टिकवणारा कारखानाच लागतो, आपल्या उकिरड्यात ते तसंच पडून राहतं. त्यापेक्षा पोफळीची विरी बघा. पाण्यात भिजवून गरम साच्यात दाबली की ताट तयार, डिंक नाही, रंग नाही. गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांत ती फुकट पडते आणि आपण ती बंबात घालतो. पावसात तिला बुरशी लागते, आणि चंदेरी कागदी पत्रावळीपेक्षा ताट महाग पडतं, हेही खरं. पण ती चकचकीत पत्रावळही प्लास्टिकचा पदर लावलेली, कुजत नाही. बचत गटाने साच्याचं मशीन घेतलं आणि गावाने वर्षभराच्या पूजा-लग्नांची ऑर्डर आधीच दिली, तर दर खाली येऊ शकतो.

येत्या ग्रामसभेत तीनच गोष्टी विचारा: शेड कुठल्या जागेत, गाडी कुठल्या तारखेला, आणि डिझेलचा खर्च आराखड्यात कुठे धरलाय.