साहेब खाणीत उतरतो तेव्हा

इवान येफ्रेमॉव्हची 'अँड्रोमेडा' रॉकेटसाठी वाचू नका. १९५७ साली, स्पुटनिक उडाला त्याच वर्षी ती आली. तिच्यातला दार वेतेर पृथ्वीबाहेरच्या केंद्रांचा प्रमुख. केवढा मोठा साहेब! तो खुर्ची सोडतो, समुद्राखालच्या टायटॅनियमच्या खाणीत कामाला जातो. कुणी नाक मुरडत नाही. तिथले पोट्टेही जाणते होताना बारा अवघड कामं करून दाखवतात. बोगदानॉव्हच्या 'लाल तारा'त (१९०८) तर कुठल्या कामाला माणसं कमी आहेत याचे आकडेच लावलेले. वाटेल तो तिकडे जातो.

हे मी खाप्यात बसून वाचतो. बाजूलाच गुमगावची मँगनीजची खाण. खाण काय असते ते आम्हाला कादंबरीनं सांगायला नको.

पण झाडूचं काय? लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ती घेऊ नका म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. घ्याच! पण बघा, गटार वारशानं येतं आणि कलेक्टरची खुर्ची परीक्षेनं. सवर्णाच्या पोरानं वर्षभर झाडू मारावा, अशी शिफारस कुठल्या समितीनं केली?

येफ्रेमॉव्हनं वर्ग मोडलेला दाखवला. जातीशी त्याची गाठच पडली नव्हती. त्यामुळं त्याच्याकडे काम माणसाला चिकटत नाही. आपल्याकडे ते जन्माआधीच चिकटतं.

सोव्हिएत संघ १९९१ला मोडला, आता ही पुस्तकं रद्दीत घाला, असं शहाणे सांगतात. घालू की! आधी सांगा, तुमच्या एकविसाव्या शतकात गटारात कोण उतरणार?