बंदूक खरी, जखम खोटी



टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला एक यादी पाठवली आहे. 'बंदुकांची आवड असणाऱ्यांनी पाहायलाच हवेत असे सिनेमे'. प्रत्येक सिनेमापुढे त्याने दहापैकी मार्क दिलेत, त्यात बंदूक किती 'रिअलिस्टिक' दाखवली आहे त्याचे. आता चौतीस वर्षं मराठी आणि इतिहासाचे पेपर तपासलेल्या बाईपुढे कुणी असे मार्क ठेवले, तर ती मुकाट्याने 'बरं' म्हणेल का? शिवाय ह्यांना वेस्टर्न सिनेमांचं भारी वेड होतं. त्यांच्याबरोबर आधी 'अलका'ला आणि मग घरी सीडी आणून असे सिनेमे मी चिकार पाहिलेत. तेव्हा 'मावशीला त्यातलं काय कळतंय' हे चालायचं नाही!

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. ही सगळी मंडळी पडद्यावरची बंदूक खरी आहे की नाही ते तपासतात. गोळी ज्याला लागते तो माणूस खरा आहे की नाही, हे कुणी तपासतच नाही. अर्धा पेपर तपासून पूर्ण मार्क द्यायचा प्रकार आहे हा.

आधी भाच्याची बाजू. 'हीट'ला (१९९५) त्याने दहापैकी दहा दिलेत. मायकेल मानचा सिनेमा. बँक लुटून बाहेर पडलेले दरोडेखोर आणि पोलीस यांची लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यातली चकमक. त्यासाठी अँडी मॅकनॅब नावाच्या, ब्रिटिश एसएएसमधून निवृत्त झालेल्या सैनिकाकडून नटांना रीतसर शिकवणी दिली होती, खऱ्या काडतुसांसह. व्हॅल किल्मर ज्या सफाईने मॅगझिन बदलतो ते पाहून बंदूकवाले आजही माना डोलावतात. बारांचे आवाजही नंतर स्टुडिओत चिकटवलेले नाहीत, त्या रस्त्यावरच ध्वनिमुद्रित केलेले आहेत. उंच इमारतींवर आदळून परत येणारा तो आवाज ऐकताना पोटात गोळा येतो. इथे माझी तक्रार नाही. मेहनत केली आहे, मार्क मिळायलाच हवेत.

गोळ्या मोजण्यातला आनंदही मला कळतो. 'शोले'तला (१९७५) गब्बरचा प्रसंग आठवा. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तो तीन हवेत उडवतो, चक्र फिरवतो, आणि समोरच्या तिघांवर चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसतं 'खट्'. मग तिघांनाही मारतो. हिशोब चोख आहे! लागोपाठच्या तीन रिकाम्या जागा बरोबर त्याच क्रमाने येण्याची शक्यता सहात एक, म्हणजे अगदीच अशक्य नाही. पण तो प्रसंग पन्नास वर्षं लक्षात राहिला तो ह्या हिशोबामुळे नाही. त्या तिघांच्या हसण्यामुळे राहिला, वाचलो असं वाटून सुटलेल्या हसण्यामुळे. ते हसू खरं होतं.

भाचा ज्या चुकांचे मार्क कापतो त्याही बरोबरच आहेत. न संपणाऱ्या गोळ्या. गाडीच्या पत्र्याच्या दारामागे लपून वाचणारे नायक. त्यात एक भर माझीही. गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडून काच फोडतो, हे शुद्ध थोतांड आहे. मी साधी बी.ए., पण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी हे गणित फळ्यावर करून दाखवलं होतं. पिस्तुलाची गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटर. सत्तर किलोच्या माणसाला तिने दिलेला धक्का म्हणजे सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर! ज्या धक्क्याने समोरचा उडायला हवा, तेवढ्याच धक्क्याने गोळी झाडणाराही मागे उडायला हवा की नाही? न्यूटनला विचारा.

आवाजाचंही तेच. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आम्हा मुलींना पॉइंट टू टू रायफल चालवायला दिली होती. ती म्हणजे बंदुकांमधलं तान्हं बाळ. तरी कानात कापसाचे बोळे होते. मोठ्या पिस्तुलाचा आवाज दीडशे-एकशे साठ डेसिबलच्या घरात जातो, आणि एकशे चाळीसच्या पुढे एका फटक्यात कान दुखावू शकतो. सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. म्हणजे 'फुस्स' असं काही होत नाही, चांगला दणदणीत आवाज उरतो. आणि 'जॉन विक'च्या दुसऱ्या भागात (२०१७) दोघं जण गर्दीच्या स्टेशनात एकमेकांवर सायलेन्सर लावून गोळ्या झाडतात नि शेजारून जाणारा प्रवासी वळूनही बघत नाही! भाच्याने ह्या 'जॉन विक'ला नऊ मार्क दिलेत. का? तर किआनू रीव्ह्जने खऱ्या नेमबाजाकडे महिनोन्महिने सराव केला, आणि मॅगझिन वेळच्या वेळी बदललं जातं म्हणून.

इथे मात्र माझं लाल पेन थांबत नाही.

पहिल्या 'जॉन विक'मध्ये (२०१४) नायक सत्तरहून जास्त माणसं मारतो. त्यातला कुणी जखमी होऊन विव्हळत पडलाय? कुणाची बायको फोन करतेय? गोळी लागली की माणूस दिवा विझावा तसा विझतो आणि नायक पुढच्याकडे वळतो. नायकाला स्वतःला लागली तर ती खांद्याला! हिंदी-इंग्रजी सगळ्या नायकांचा खांदा म्हणजे जणू गोळ्या ठेवायचं कपाट. अहो, हाताला रक्त पोचवणारी मुख्य धमनी तिथूनच जाते, हाताच्या नसांचा जुडगाही तिथेच असतो. ती धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो आणि वाचला तरी हात लुळा पडू शकतो. रुमाल बांधून पुढची मारामारी करता येत नाही. मॅगझिन बरोबर बदललं म्हणून ह्या खोटेपणाला नऊ मार्क? शुद्धलेखन अचूक पण निबंध सगळा खोटा, असा पेपर मी कधी पास केला नाही.

उलट दिशेची दोन उदाहरणं देते. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये (१९९२) एकाच्या पोटात गोळी लागते आणि तो जवळजवळ अख्खा सिनेमाभर रक्तात पडून असतो. ओरडतो, रडतो, बेशुद्ध होतो. बघवत नाही. बघवू नयेच.

आणि त्याच वर्षीचा, क्लिंट ईस्टवूडने दिग्दर्शित केलेला 'अनफर्गिव्हन'. त्यात एक पोरगेला नेमबाज आहे, आपण पाच माणसं मारली अशा बढाया मारणारा. खरं तर एकही मारलेलं नसतं. पुढे तो खरोखर एकाला मारतो, तेही शौचाला बसलेल्या निःशस्त्र माणसाला. मग दारूची बाटली तोंडाला लावून ढसाढसा रडतो आणि बंदूक परत देऊन टाकतो. दुसरा एक तरुण पोटात गोळी लागून दगडांआड पडलेला असतो. तो पाणी मागत असतो, आणि शेवटी मारणारेच त्याच्या सोबत्यांना ओरडून सांगतात, द्या त्याला पाणी, आम्ही गोळी झाडणार नाही. भाच्याच्या यादीत हा सिनेमा आहे. मार्क? सहा. का, तर 'बंदुकांचं काम कमी आहे'!

हाच ईस्टवूड एकवीस वर्षांपूर्वी 'डर्टी हॅरी' (१९७१) होता. त्याच्या हातातलं पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नम हेच त्या सिनेमाचं खरं आकर्षण. सिनेमानंतर त्या रिव्हॉल्व्हरची मागणी इतकी वाढली की दुकानांत मिळेना. म्हणून 'मावशी, ती नुसती करमणूक असते गं' हे मला पटत नाही. करमणूक असेल तर करमणूक म्हणा, मी खुशाल बघेन. पण मग 'अगदी खरं' असा शिक्का मारू नका. बंदूक जितकी हुबेहूब, तितका पुढचा खोटेपणा खरा वाटतो, हीच तर गोम आहे.

प्रत्यक्षात काय होतं? २८ फेब्रुवारी १९९७ रोजी नॉर्थ हॉलिवूडमध्ये 'हीट'सारखाच दरोडा पडला. अंगभर चिलखत घातलेले दोन दरोडेखोर, स्वयंचलित रायफली, पाऊण तास चकमक, दोन्हीकडून मिळून दीड-दोन हजार गोळ्या. मेले किती? ते दोघे दरोडेखोर. पोलीस आणि नागरिक मिळून बरेच जखमी झाले. बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या? गाड्यांत, भिंतींत, दुकानांत. म्हणजे खरी बंदूक बहुतेक वेळा चुकते, आणि चुकलेली गोळी हवेत विरघळत नाही, कुठेतरी जाऊन लागतेच. सिनेमात नायकाची चुकलेली गोळी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरलेली मी तरी पाहिली नाही.

आणि ह्या 'खरेपणा'च्या हव्यासाची किंमत सिनेमावाल्यांनीही मोजली आहे. ३१ मार्च १९९३ रोजी ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली 'द क्रो'च्या चित्रीकरणात गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आधीच्या दिखाऊ काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, पुढच्या शॉटला नुसत्या दारूच्या बाराने ती बाहेर फेकली. २१ ऑक्टोबर २०२१ ला 'रस्ट' ह्या वेस्टर्नच्या सेटवर, तालीम चालू असताना, रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क खरं काडतूस निघालं आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेली. बंदुका सांभाळणाऱ्या मुलीला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या घटनेनंतर 'द रुकी' ह्या मालिकेने खऱ्या बंदुका सेटवरून हद्दपार केल्या, खेळण्यातल्या वापरायच्या आणि ज्वाळा कॉम्प्युटरवर काढायच्या असं ठरवलं. प्रेक्षकांचं काय बिघडलं? काहीही नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो यादीपेक्षा मला जास्त टोचतो आहे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त, २६,३२८, आत्महत्या होत्या. दरोडेखोर नाही, गुंड नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच हाताने. आणि २०२० साली तिथल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण मोटार अपघात राहिलं नाही, बंदूक झालं. खरेपणाचेच मार्क द्यायचे असतील तर सिनेमातल्या निम्म्याहून अधिक बंदुका अशा सुन्या खोलीत दिसायला हव्यात. तुझ्या यादीत असा एक तरी सिनेमा आहे का रे?

हे विचारते आहे, कारण यादीच्या खाली तू सहज लिहिलं आहेस की तूही एक पिस्तूल घेतलंस आणि ते पलंगाजवळच्या ड्रॉवरमध्ये 'हाताशी' असतं. तुझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मी त्या वयाची मुलं आयुष्यभर वर्गात पाहिली. सहामाहीच्या निकालाच्या दिवशी त्यांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. सोमवारी 'सगळं संपलं' म्हणणारं पोर गुरुवारी डबा खाताना खिदळत असतं. पण तो गुरुवार उजाडावा लागतो, आणि बंदूक तेवढा वेळ देत नाही.

म्हणून मावशीचं ऐक. सिनेमे हवे तेवढे बघ, 'हीट' तर माझ्याबरोबर पुन्हा बघ. पण आज संध्याकाळी घरी गेल्यावर ते पिस्तूल रिकामं कर, कुलुपात ठेव, काडतुसं दुसऱ्या कुलुपात ठेव आणि किल्ल्या तुझ्याजवळ असू देत. काम झालं की मला फोन कर. आमच्याकडे रात्र असली तरी चालेल, मी जागीच असते.